जन्मनोंदीची नक्कल आणि संमती: मथुरा प्रकरणाचा अभ्यास

रात्रीचे साडेदहा वाजले होते. सगळ्यांच्या जबान्या लिहून झाल्या होत्या. हेड कॉन्स्टेबलने मुलीच्या भावाला बजावलं, हिच्या जन्माच्या नोंदीची नक्कल घेऊन ये, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून तो घरी निघून गेला.

तारीख २६ मार्च १९७२. ठिकाण देसाईगंज पोलीस ठाणे. गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, १९८२ साली गडचिरोली वेगळा झाल्यावर तिकडे गेलं. रेल्वेच्या फलाटावर पाटी ‘वडसा’ अशी असल्यामुळे पुष्कळ लोक गावाला वडसाच म्हणतात. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे कायद्याच्या पुस्तकातलं नाव. चळवळीत आणि वर्गात मात्र ते ‘मथुरा प्रकरण’ म्हणूनच ओळखलं जातं. पीडितेचं नाव छापण्यावर बंदी घालणारं कलम २२८-अ आलं ते याच प्रकरणानंतर, त्यामुळे हिचं नाव कायमचं निकालपत्रात राहून गेलं. मी ते फक्त प्रकरणाचं नाव म्हणून वापरतो. पुढे लिहिताना तिला ‘मुलगी’ म्हणेन, कारण होतीही मुलगीच.

ती नक्कल ध्यानात ठेवा. या प्रकरणावर बोलताना सगळे थेट संमतीच्या मुद्द्यावर उडी घेतात. माझ्या मते त्या कागदाकडे आधी पाहायला हवं.

त्या रात्री ठाण्यात कोण कोण होतं

मुलीचे आईवडील वारलेले. ती भावाजवळ राहायची, दोघंही मजुरीवर जगायचे. ज्या बाईच्या घरी ती कामाला जायची, तिच्या भाच्याशी तिचं जमलं आणि दोघांनी लग्नाचं ठरवलं. भावाला ते पटलं नाही. २६ मार्चला तो ठाण्यात गेला आणि फिर्याद दिली, की त्या बाईने, तिच्या नवऱ्याने आणि भाच्याने मिळून माझ्या बहिणीला पळवून नेलं. पोलिसांनी रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना बोलावून घेतलं.

आता त्या खोलीतली मांडणी बघा. भाऊ फिर्यादी. ज्याच्याशी मुलीला लग्न करायचं होतं तो संशयित. ज्या बाईच्या आधाराने ती राहत होती तीही संशयित. आणि स्वतः मुलगी? कायद्याच्या भाषेत ‘पळवून नेलेली’. भारतीय दंड संहितेच्या कलम ३६१ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलीने स्वखुशीने घर सोडलं, तरी पालकाच्या ताब्यातून नेणाऱ्यावर गुन्हा होतो. तिची खुशी हिशेबातच धरली जात नाही. म्हणजे ठाण्यात पाऊल टाकलं तेव्हा कायद्याच्या लेखी तिच्या ‘हो’ला किंमत नव्हती.

सगळे निघाले तेव्हा ठाण्यातल्या शिपायाने मुलीला थांबायला सांगितलं आणि बाकीच्यांना बाहेर पाठवलं. तिच्या साक्षीप्रमाणे तिला मागच्या शौचालयाकडे आणि तिथून मागच्या छपरीत नेण्यात आलं, आणि तिथे त्या शिपायाने तिच्यावर बलात्कार केला. नंतर दुसरा एक हेड कॉन्स्टेबल आला. तो दारूच्या नशेत होता. त्याने तिची छेड काढली. (‘छपरी’ हा आपल्याकडचा शब्द सर्वोच्च न्यायालयाच्या इंग्रजी निकालपत्रात जसाच्या तसा आला आहे.) बाहेर थांबलेल्यांना दिसलं की दिवे गेलेत आणि दार आतून बंद आहे. ते मागच्या बाजूला गेले, हाका मारल्या. लोक जमले. तो हेड कॉन्स्टेबल बाहेर येऊन म्हणाला, मुलगी गेली. थोड्याच वेळात मुलगी आतून बाहेर आली आणि तिने भावाला काय झालं ते सांगितलं.

ते तिला आधी डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी ठाण्यात जायला सांगितलं. म्हणजे त्याच ठाण्यात. तिथे जमाव खवळला होता, ठाणं पेटवून देऊ अशी भाषा सुरू झाली होती. शेवटी जेवायला गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला परत बोलावण्यात आलं आणि फिर्याद लिहिली गेली. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी, २७ मार्चला, रात्री आठ वाजता. अहवालात वय १४ ते १६ च्या दरम्यान, अंगावर जखमा नाहीत, आणि पूर्वी लैंगिक संबंध आलेला असावा अशा नोंदी होत्या. मुलीच्या कपड्यांवर आणि शिपायाच्या पायजम्यावर वीर्याचे डाग मिळाले.

तीन न्यायालयं, तीन वाचनं

चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोघांना निर्दोष सोडलं. शिपायाने संबंध ठेवला हे त्यांनी मान्य केलं, पण तो बलात्कार नव्हे असं म्हटलं. मुलगी धडधडीत खोटं बोलते, तिला शरीरसंबंधाची सवय आहे, बाहेर जमलेले लोक आणि प्रियकर बघून आपण सोज्वळ दिसावं म्हणून तिने बलात्काराची गोष्ट रचली, असा त्यांचा निष्कर्ष होता. निकालात आणखी एक छोटं वाक्य आहे, तेच मला जास्त टोचतं. मुलगी सोळा वर्षांखालची होती हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यात म्हटलं आहे.

सोळाच का? कारण बलात्काराची व्याख्या करणाऱ्या त्या वेळच्या कलम ३७५ च्या पाचव्या खंडात सोळाखालच्या मुलीची संमती असो वा नसो, तो बलात्कारच होता. वय सिद्ध झालं असतं तर संमतीचा मुद्दा निघालाच नसता. खेड्यापाड्यात जन्ममृत्यूची नोंद तेव्हा कोतवाल बुकात व्हायची. आपल्या विदर्भात अजूनही जातपडताळणीला आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधत लोक त्याच पुस्तकापाशी येतात. हेड कॉन्स्टेबलने त्या रात्री भावाला जी नक्कल आणायला सांगितली होती, ती या खटल्यातली सगळ्यात मोलाची वस्तू ठरली असती. वय सिद्ध झालं नाही, आणि पुढची सगळी वर्षं वाद एकाच प्रश्नावर झाला, की तिने ‘हो’ म्हटलं होतं का.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर १९७६ मध्ये निकाल फिरवला. शिपायाला पाच वर्षांची सक्तमजुरी, हेड कॉन्स्टेबलला विनयभंगासाठी एक वर्ष. खंडपीठाचा युक्तिवाद साधा होता आणि आजही वाचण्यासारखा आहे. हे दोघं मुलीला पूर्ण अनोळखी. तिने स्वतःहून त्यांच्याशी लगट केली असेल असं मानायला जागा नाही. भीतीने किंवा धाकाने शरीर निमूट स्वाधीन करणं म्हणजे इच्छा नव्हे. शरण जाणं आणि संमती देणं या दोन गोष्टी खंडपीठाने १९७६ मध्ये वेगळ्या केल्या होत्या. पुढे चळवळीने ज्याची मागणी केली ते नागपुरात आधीच लिहून झालं होतं. (याच खंडपीठाचा २०२१ मधला निकालही आठवतो. कपड्यावरून केलेला स्पर्श पॉक्सोखाली, म्हणजे अठराखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, लैंगिक हल्ला होत नाही, कातडीला कातडी लागावी लागते, असं त्यात म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला. एकच इमारत, पंचेचाळीस वर्षांचं अंतर, आणि प्रवास उलट दिशेने.)

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १५ सप्टेंबर १९७८ चा. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल यांचं खंडपीठ, निकालपत्र कोशल यांनी लिहिलेलं. दोघंही निर्दोष. अंगावर जखम नाही, म्हणून जे झालं ते शांतपणे झालं आणि प्रतिकाराची हकिगत खोटी. ओरडल्याचं सांगणं हा बनाव. आणि मुख्य तर्क असा, की भाऊ, ‘आंट’ (म्हणजे जिच्याकडे ती कामाला जायची ती बाई) आणि प्रियकर अशी जवळची माणसं समोर असताना तिने त्यांना हाक मारली नाही, शिपायामागे मुकाट गेली, तेव्हा ही संमती निव्वळ शरणागती म्हणून बाजूला सारता येणार नाही.

इथे क्षणभर थांबायला हवं. ‘जवळची माणसं’ कोण होती? एक तिला पळवून नेल्याची फिर्याद घेऊन आलेला भाऊ, दुसरे दोघं त्याच फिर्यादीत अडकलेले. ज्या पोलिसाने थांब म्हटलं, तोच पोलीस तिच्या प्रियकराला रात्रभर कोठडीत टाकू शकत होता. अशा वेळी हाक मारायची कुणाला, आणि कशासाठी? निकालपत्रात हा प्रश्नच येत नाही. ठाण्यातलं ते त्रिकोणी नातं न्यायालयाने घटनाक्रम म्हणून नोंदवलं आणि तर्काच्या वेळी ते फक्त ‘आपली माणसं’ होऊन गेलं.

कलमाच्या आत काय घसरलं

कायद्याच्या अंगाने चूक नेमकी कुठे होती हे सांगायला कलमाची रचना उलगडायला लागते. थोडी चिकाटी ठेवा.

जुन्या कलम ३७५ मध्ये पाच खंड होते. पहिला, स्त्रीच्या इच्छेविरुद्ध. दुसरा, तिच्या संमतीविना. तिसरा, संमती असली तरी ती मृत्यूची किंवा दुखापतीची भीती घालून मिळवलेली असली तर. चौथा, नवरा आहे अशा गैरसमजातून दिलेली संमती. पाचवा, वयाचा. सर्वोच्च न्यायालयाने काय केलं? संमती केव्हा संमती ठरत नाही हे तिसऱ्या-चौथ्या खंडात लिहिलं आहे, तेव्हा भीतीची गोष्ट करायची असेल तर ती मृत्यूची किंवा दुखापतीचीच दाखवली पाहिजे, असा अर्थ लावला. उच्च न्यायालयाने तसा निष्कर्ष दिलेला नाही, म्हणून दोषसिद्धी टिकत नाही.

या वाचनात दुसरा खंड जवळजवळ नाहीसा होतो. ‘संमतीविना’ म्हणजे संमती मुळात दिलीच नाही. ती दिली होती का, हा पहिला प्रश्न. दिली असली तर कशी मिळवली, हा नंतरचा. न्यायालयाने पहिला प्रश्न जखमांवरून सोडवला आणि दुसरा कलमातल्या शब्दांवरून. शिवाय त्याच संहितेत कलम ९० होतं. क्षतीच्या भीतीने दिलेली संमती, समोरच्याला ते माहीत असेल किंवा तसं मानायला कारण असेल तर, ही संमती नव्हे, असं ते सांगतं. संहितेत ‘क्षती’ची व्याख्या शरीरापुरती नाही. मन, अब्रू आणि मालमत्ता यांना बेकायदा पोहोचवलेली इजाही त्यात येते. ठाण्यात बसवलेल्या गरीब मजूर मुलीला पोलीस काय काय करू शकतात, याची भीती या व्याख्येत आरामात बसली असती. तो दरवाजा कुणी उघडला नाही.

आणि एक विसंगती राहतेच. पळवून नेण्याच्या फिर्यादीत तिच्या संमतीला किंमत नाही, कारण अठरा झालेले नाहीत. छपरीतल्या प्रकारात तिच्या संमतीला पूर्ण किंमत, कारण सोळाखालची असल्याचं सिद्ध नाही. तीच मुलगी, तीच रात्र, तेच ठाणं. ज्या मुलासोबत तिला जायचं होतं तिथे तिची मर्जी कायद्याने खोडली आणि ज्या पोलिसाला ती ओळखतही नव्हती तिथे कायद्याने तिची मर्जी शोधून काढली.

चार प्राध्यापकांचं पत्र

निकालानंतर एक वर्ष आणि एक दिवस, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र गेलं. सह्या चार: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. चौघंही कायदा शिकवणारे. पत्र शिस्तीत लिहिलेलं आहे, ‘मिलॉर्ड’ वगैरे सगळं जिथल्या तिथे. पण त्या आदरातून जे उमटतं ते फार धारदार आहे. संमतीत शरण जाणं येतं, पण शरण जाण्यात संमती येतेच असं नाही, हे त्यांनी मांडलं. स्त्रियांना चौकशीला ठाण्यात बोलावू नये, असं याच न्यायालयाने नंदिनी सत्पथी प्रकरणात एप्रिल १९७८ मध्ये बजावलं होतं. पाच महिन्यांनी आलेल्या या निकालात त्याचा मागमूस नाही, हेही दाखवून दिलं. कौमार्य, सवय, चारित्र्य यांच्या भोवती फिरणाऱ्या विचाराची चिरफाड केली.

निकाल बदलला नाही. पण पत्राच्या प्रती फिरल्या. १९८० च्या जानेवारीत मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला, ८ मार्चला मुंबई, दिल्ली, नागपूरसह अनेक शहरांत मोर्चे निघाले. नागपुरात सीमा साखरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा विषय लावून धरला. वर्गात मी नेहमी एक गोष्ट सांगतो. या देशात बलात्काराच्या कायद्यावर पहिल्यांदा रस्त्यावर जे लोक उतरले, ते बलात्काराच्या बातमीमुळे नव्हे, एका निकालपत्राच्या परिच्छेदांमुळे उतरले.

१९८३: जागा बदलली, व्याख्या तशीच

विधी आयोगाचा ८४ वा अहवाल एप्रिल १९८० मध्ये आला. त्यात ‘संमतीविना’ऐवजी ‘मुक्त आणि स्वेच्छेने दिलेल्या संमतीविना’ असा शब्दप्रयोग सुचवला होता. संसदेने तो घेतला नाही. १९८३ च्या दुरुस्तीत जे आलं ते असं: पोलिसाने स्वतःच्या ठाण्याच्या हद्दीत, कुठल्याही ठाण्याच्या आवारात किंवा आपल्या ताब्यातल्या स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा, जास्त गंभीर गुन्हा, किमान शिक्षा दहा वर्षं. खटला बंद दालनात. पीडितेचं नाव छापायला मनाई. आणि पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ. कोठडीतल्या अशा बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असं स्त्रीने साक्षीत सांगितलं, की न्यायालय संमती नव्हती असंच धरून चालेल. आरोपीने उलट सिद्ध करावं.

देसाईगंजच्या मुलीला हे कलम असतं तर? संबंध तिन्ही न्यायालयांनी मान्य केला होता. संमती नव्हती असं ती साक्षीत सांगत होती. खटला तिथेच संपला असता. म्हणजे ११४-अ हे कलम अक्षरशः तिच्या मापाने शिवलेलं आहे. पण शिवणाऱ्यांनी माप फक्त तिचंच घेतलं. ठाणं, तुरुंग, रुग्णालय, सामूहिक बलात्कार अशा ठरावीक जागा आणि परिस्थितींसाठी गृहीतक बदललं. शेतात, घरात, लॉजवर, नोकरीच्या ठिकाणी? तिथे संमतीची व्याख्या नव्हती ती नव्हतीच. जखमा मोजण्याची जुनी सवय तिथे चालू राहिली.

शिवाय किमान शिक्षेला पळवाट होती: ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ असतील तर दहाहून कमी. १९८९ च्या प्रेमचंद विरुद्ध हरियाणा या प्रकरणात दोन पोलिसांची दहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने पाचवर आणली, कारण दिलं मुलीच्या ‘वर्तना’चं. ओरड झाल्यावर पुनर्विलोकनात न्यायालयाने खुलासा केला, की वर्तन म्हणजे चारित्र्य नव्हे, तक्रारीला पाच दिवस उशीर केला ते वर्तन. खुलासा वाचून समाधान झालेला वकील मला अजून भेटायचा आहे.

त्याच सुमारास नागपूरचंच एक प्रकरण मात्र वेगळ्या वाटेने गेलं. महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन, १९९०. आरोपी पोलीस उपनिरीक्षक, जागा हॉटेलची खोली, पीडिता नवविवाहित तरुणी. न्यायमूर्ती अहमदी यांनी लिहिलं, की बलात्कार झालेली स्त्री ही गुन्ह्यातली साथीदार नाही, तिच्या साक्षीला जखमी साक्षीदाराच्या साक्षीइतकं वजन द्यायचं, दरवेळी दुजोरा मागत बसायचं नाही. उच्च न्यायालयाने सोडलेल्या आरोपीची शिक्षा पुन्हा लागू झाली. उलटतपासात बचाव पक्ष ‘दुजोरा कुठंय’ म्हणू लागला, की सरकारी वकील आजही हाच निकाल पुढे करतात.

चारित्र्याचा पुरावा आणण्याची सोय करणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम १५५(४) २००२ च्या अखेरीस, २००३ उजाडता उजाडता गेलं. त्याला मथुरेनंतर तीसेक वर्षं लागली. वैद्यकीय तपासणीतली ‘सवय आहे की नाही’ हे पाहण्याची पद्धत त्याहून चिवट निघाली. तिच्याविरुद्ध सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर नागपूर खंडपीठात गेले, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ आणि २०२२ मध्ये तिच्यावर कडक शब्दांत लिहिलं. तरी एखाद्या जुन्या छापील फॉर्मच्या रकान्यात ती अवचित सापडते.

२०१३: ‘नाही’ म्हणायची सक्ती उठली

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि ३ फेब्रुवारी २०१३ पासून नवी व्याख्या लागू झाली. दोन बदल मोठे. एक, बलात्कार म्हणजे फक्त संभोग नव्हे. शरीराच्या इतर मार्गांनी आणि वस्तूने केलेले प्रकारही त्यात आले. दुसरा, संमतीची व्याख्या पहिल्यांदा लिहिली गेली. स्त्री शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य रीतीने, विशिष्ट लैंगिक कृतीला आपली तयारी स्पष्टपणे, स्वेच्छेने दाखवते तेव्हा ती संमती. आणि खाली एक परंतुक: स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही.

हे परंतुक वाचताना देसाईगंज आठवल्याशिवाय राहत नाही. ‘मुकाट मागे गेली’ याला दिलेलं उत्तर आहे ते, पस्तीस वर्षं उशिराने. आधी संमती ही गृहीत धरायची गोष्ट होती आणि नकार सिद्ध करायचा होता, तोही अंगावरच्या ओरखड्यांनी. आता संमतीच दिसली पाहिजे. कागदावर तरी दिशा पूर्ण उलटली. प्रत्यक्षात ‘स्पष्ट’ म्हणजे किती स्पष्ट, यावर भांडण चालूच आहे. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फारुकी प्रकरणात ‘क्षीण नकारा’चा मुद्दा काढून आरोपीला संशयाचा फायदा दिला. ओळखीतल्या माणसांत नकार किती जोरात हवा, हा त्यातला सूर. जुनी सवय नव्या व्याख्येतही फट शोधते.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली. कलम ३७५ चं ६३ झालं, संमतीचं स्पष्टीकरण तसंच राहिलं, ११४-अ हे भारतीय साक्ष अधिनियमात कलम १२० झालं. पत्नीशी ठेवलेला संबंध बलात्कार नव्हे, हा अपवादही तसाच राहिला, फक्त त्यातलं वय अठरा झालं, जे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच केलं होतं. अठरावर्षांवरच्या पत्नीच्या संमतीला या कलमात आजही जागा नाही. दिल्ली उच्च न्यायालयात २०२२ मध्ये यावर दोन न्यायाधीशांचे दोन निकाल झाले, आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला.

तीच रात्र, आज

प्रकरण शिकवताना शेवटी विद्यार्थ्यांना मी सांगतो, २६ मार्चची रात्र उचला आणि आजच्या तारखेला ठेवा. बहुतेक जण पटापट लिहितात. मुलीला रात्री ठाण्यात बोलावताच येणार नाही. फिर्याद महिला अधिकारी नोंदवेल. वय अठराखाली, त्यामुळे संमतीचा प्रश्न नाही. पॉक्सोखाली पोलिसाने हद्दीत केलेला गुन्हा, म्हणून जास्त शिक्षा. शंभरपैकी ऐंशी गुण.

मग मी विचारतो, आणि त्या मुलाचं काय?

इथे वर्ग गप्प होतो. ज्याच्याशी तिला लग्न करायचं होतं, तो मुलगा. अठराखालच्या मुलीच्या संमतीला आता कुठेच किंमत नाही. पोलिसासमोर नाही, तशी प्रियकरासमोरही नाही. भावाची फिर्याद आजही जशीच्या तशी येईल: पळवून नेलं. त्यात पॉक्सो जोडला जाईल आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आधी तो मुलगा उभा राहील. सत्र न्यायालयांत अशा ‘पळून गेल्या’च्या खटल्यांची रोजची वर्दळ असते. मुलगी साक्षीत म्हणते, मी माझ्या मर्जीने गेले. कधी तर कडेवर मूल घेऊन येते. सरकारी वकील तिला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागतो. विधी आयोगाने २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय खाली आणायला नकार दिला, सोळा ते अठरा वयोगटातल्या अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला थोडी मोकळीक द्यावी एवढं सुचवलं. अठराची रेघ पोलिसापासून संरक्षण देते हे खरं. तीच रेघ तिच्या निवडीविरुद्ध भावाच्या हाती दंडुका देते हेही खरं. १९७२ मधली विसंगती मिटली ती अशी: दोन्हीकडे तिची मर्जी खोडून.

रेघेच्या कुठल्या बाजूला ती आहे हे ठरवायला लागतो कागद. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मधला क्रम न्यायालयं वापरतात. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत वर्षा-दोन वर्षांचा फरक पडतो, आणि फरकाचा फायदा आरोपीला. शाळा अर्ध्यात सोडलेली, स्थलांतरात जन्मलेली मजुराची पोर असेल तर सरकारी वकील आधी न्यायालयाकडून मुख्याध्यापकांना समन्स काढून घेतो. त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर घेऊन यायचं आणि पहिलीत नाव घालताना जन्मतारीख कुणी, कशावरून सांगितली, ते साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं. उत्तर बहुतेकदा एकच असतं: पालकांनी तोंडी सांगितली, मी लिहिली.